तीन पिढ्यांचा पुरावा : बंदोबस्ताच्या कागदांत आमचा आजा



वैनगंगेच्या काठच्या एका गावातून आम्हाला निरोप आला. गाव गडचिरोली जिल्ह्यातले, वस्ती मिश्र, गोंड, ढिवर, कुणबी आणि पंधरावीस घरे बौद्धांची. त्यातल्या एका कुटुंबाचा वनहक्काचा दावा नामंजूर झाला होता. जंगलाला लागून तीन एकराची बांधी, धुऱ्यावर मोहाची दोन झाडे, बापाच्या आधीपासून वाहत आलेली जमीन. नामंजुरीच्या कागदावर कारण एका ओळीत होते : तीन पिढ्यांचा पुरावा सादर केला नाही. शेजारच्या गोंड कुटुंबाचा दावा त्याच बैठकीत मंजूर झाला होता, आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्याच धुऱ्याच्या अलीकडचा माणूस अतिक्रमणदार आणि पलीकडचा हक्कदार, हे त्या घरातल्या म्हाताऱ्या आजीला कोणी समजावून सांगू शकले नाही. ती एकच विचारत होती, "आमी का काल आलो का बाबू?"

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर कागदात कसे शोधायचे याबद्दल आहे. आमच्या चळवळीतल्या मुलांना फुले-आंबेडकरी इतिहास तोंडपाठ असतो, पण स्वतःच्या पणजोबाचे नाव विचारले तर निम्मी मुले गप्प बसतात. यात त्यांचा दोष नाही. ज्यांची नावे देवळाच्या शिलालेखात, बडव्यांच्या आणि पंड्यांच्या वह्यांत लिहिली गेली त्यांना वंशावळ आयती मिळाली. आपल्याला ती सरकारच्या महसुली दप्तरातून एकेक ओळ करून काढावी लागते.

आधी कायदा नीट वाचू, कारण अर्धी लढाई वाचण्यातच हरली जाते. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी कायदा २००६ चा. सरकारने आणलेल्या मूळ विधेयकात फक्त अनुसूचित जमातींचा विचार होता. संयुक्त संसदीय समितीकडे विधेयक गेल्यावर 'इतर पारंपरिक वननिवासी' हा वर्ग त्यात जोडला गेला. चंद्रपूर-गडचिरोलीतले जंगलकाठचे बौद्ध, ढिवर, कुणबी, कोष्टी सगळे या वर्गात येतात. पण दार उघडताना उंबरठा उंच केला. या वर्गातल्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या तिथे वास्तव्य दाखवायचे आणि पिढी म्हणजे २५ वर्षे. म्हणजे हिशोब १३ डिसेंबर १९३० पर्यंत मागे जातो. आदिवासी दावेदाराला ही अट नाही.

आता बारकावा पाहा. पंचाहत्तर वर्षे कशाची दाखवायची? कायद्याच्या व्याख्येत शब्द आहे राहण्याचा आणि उपजीविकेसाठी जंगलावर अवलंबून असण्याचा. जमिनीच्या ताब्याची अट कलम ४ मध्ये वेगळी दिली आहे आणि तिथे तारीख १३ डिसेंबर २००५ हीच आहे, आदिवासी आणि बिगर आदिवासी दोघांनाही सारखी. म्हणजे त्याच तीन एकरांवर १९३० पासून नांगर चालवत होतो हे सिद्ध करायची गरज नाही. आपले घराणे त्या गावात, त्या जंगलाच्या आधाराने तेव्हापासून राहत होते एवढे दाखवायचे आहे. त्या कुटुंबाच्या फाईलवर मात्र शेरा होता की सदर जागेवरील ७५ वर्षांचे अतिक्रमण सिद्ध होत नाही. दोन अटींची खिचडी करून दावा उडवला गेला. असे शेरे आम्ही एकाच ठिकाणी नाही, अनेक फाईलींवर पाहिले आहेत.

आणि हे नुसते जमिनीच्या तुकड्याचे प्रकरण नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला होता. देशभर ओरड झाली, २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे रद्द नव्हे. त्या काळात फेटाळलेल्या दाव्याचा कागद घरात असणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात तो होता त्यालाच कळले.

पुरावा कोणता चालतो? २००८ च्या नियमांतला नियम १३ प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा. त्यात गॅझेटिअर, जनगणना, मोजणी आणि बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे, हक्कनोंदी येतात. घर, बांध, सपाटीकरण येते. जुन्या विहिरी, मसणवट, पवित्र जागा येतात. गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन येते. आणि एक पोटकलम असे आहे की दावेदाराची वंशावळ जुन्या जमीन-दप्तरात नाव असलेल्या माणसापर्यंत, किंवा पूर्वी गावचा रीतसर रहिवासी म्हणून मानल्या गेलेल्या माणसापर्यंत जोडून दाखवता येते. या वाक्यातला 'किंवा' फार मोलाचा आहे. समित्या पहिला भाग वाचतात, जमीन-दप्तर मागतात आणि थांबतात. भूमिहीनाच्या बाजूचा दुसरा भाग वाचायला आपण लावायचे.

मग हे जुने दप्तर आहे तरी काय?

तिसरा रघुजी भोसला डिसेंबर १८५३ मध्ये वारला आणि नागपूरचे राज्य इंग्रजांनी घेतले. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला. चांदा त्यातला एक जिल्हा. तेव्हाचा चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून, काही भाग इकडचे तिकडे. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला, त्यामुळे त्याआधीचा प्रत्येक कागद चांदा किंवा चंद्रपूर याच नावाने शोधायचा. इंग्रजांनी आल्या आल्या सारा बसवण्यासाठी गावोगाव मोजणी सुरू केली. या जिल्ह्याच्या पहिल्या मोठ्या बंदोबस्ताचा अहवाल मेजर लुसी स्मिथने १८६९ मध्ये लिहिला. एकोणिसावे शतक संपता संपता पुन्हा फेर-बंदोबस्त झाला. १९०९ चे चांदा जिल्ह्याचे गॅझेटिअर बेग्बी आणि नेल्सन यांच्या नावाने निघाले. त्यात या बंदोबस्तांची माहिती एका जागी सापडते. पण अहवाल आणि गॅझेटिअर ही वरची साय. आपल्याला हवे ते दूध खाली गावच्या मिसलीत आहे.

बंदोबस्ताच्या गाव-मिसलीत साधारण चार गोष्टी असतात. शेतनकाशा, सोळा इंचाला एक मैल या मापाचा. खसरा, म्हणजे शेताच्या नंबरवार यादी, ज्यात जमीन मोरंड की खर्डी की बर्डी, धानाची की रब्बीची, हे लिहिलेले. त्यावरून शेताची किंमत ठरे आणि किमतीवरून सारा. जमाबंदी, ज्यात कुळाचे नाव, बापाचे नाव, जात, राहणार कुठला, आणि हक्क कोणता हे येते : मालिक-मकबुजा, मौरूसी, शिकमी. आणि चौथा वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या रिवाजांची नोंद. चराई कोठे, लाकूड कोणी किती आणायचे, गावठाणात घराला जागा कोण देतो, कोतवालाला काय मिळते. काही गावांच्या नोंदीत मेलेल्या जनावराच्या कातड्यावर हक्क कोणाचा हेसुद्धा आहे.

ही सारी मांडणी कशासाठी होती? पैसा वसूल करायला. कोणाची आठवण राहावी हा हेतू कोणाचाच नव्हता. तरीही आज तेच कागद आठवणीचे साधन झाले आहेत, आणि असे फक्त आपल्याकडे झालेले नाही.

आयर्लंडचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तोही इंग्रजांच्या टाचेखालचा देश, तिथेही जमीन जमीनदाराची आणि राबणारा कुळ. १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली तिथल्या प्रत्येक घराचे आणि शेताचे मूल्यांकन झाले व छापले गेले. वहिवाटदाराचे नाव, जागा कोणाकडून घेतली त्याचे नाव, घर-जमिनीचे वर्णन, क्षेत्र, वार्षिक किंमत. उद्देश गरिबांसाठीचा कर बसवण्याचा. गंमत अशी, गंमत कसली, क्रूरता अशी की चार पौंड किंवा त्याहून कमी किमतीच्या घरावरचा हा कर जमीनदाराने भरायचा होता. म्हणून ऐन दुष्काळात जमीनदारांनी लहान कुळांना घराबाहेर काढले, झोपड्या पाडल्या. गरिबाचे मोल मोजणारा कागदच गरिबाला उठवायला उपयोगी पडला.

पुढे त्या देशाच्या जनगणनेच्या कागदांची वाताहत झाली. १८६१ आणि १८७१ च्या नोंदी सरकारने स्वतःच नष्ट केल्या. १८८१ आणि १८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी गेल्या. १८२१ ते १८५१ च्या बहुतेक नोंदी १९२२ च्या जूनअखेर डब्लिनमध्ये यादवीच्या तोफांत अभिलेखागार जळाले तेव्हा राख झाल्या. उरले ते ग्रिफिथचे मूल्यांकन. आज अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात पसरलेली आयरिश कुटुंबे आपला खापरपणजोबा कोणत्या गावचा हे त्याच करवसुलीच्या यादीत शोधतात. त्यानंतरच्या दुरुस्तीच्या वह्यांत जुने नाव खोडून नवे नाव वेगळ्या रंगाच्या शाईने लिहीत, त्यामुळे बाप मेला कधी, मुलगा आला कधी, कुटुंब परदेशी गेले कधी याचा अंदाज येतो. आपल्याकडच्या फेरफाराच्या नोंदीचेच ते भावंड.

फरक एक आहे आणि तो लक्षात ठेवला पाहिजे. आयरिश शेतमजुराचे झोपडेसुद्धा बहुधा त्या यादीत 'घर' म्हणून येते, कारण घरावर कर होता. आपल्याकडे सारा शेतावर होता. ज्याच्याकडे शेत नाही तो खसऱ्यात नाही, जमाबंदीत नाही. आणि मालगुजारी मुलखात आपली माणसे बहुतेक कोतवाली करणारी, जाडेभरडे कापड विणणारी, दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणारी. म्हणजे ज्या दप्तराने कुणब्याचा, मालगुजाराचा वंशवृक्ष लिहून ठेवला त्याने आपल्याला ओलांडून पुढची ओळ लिहिली.

तरीही आपण सापडतो. कुठे सापडतो ते सांगतो.

पहिले ठिकाण कोतवाल पंजी, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. गावात जन्म-मृत्यू झाला की पोलीस ठाण्यात वर्दी द्यायचे काम कोतवालाचे. मध्यप्रांताच्या मराठी मुलखात हे काम फार मोठ्या प्रमाणावर महारांकडे होते. अक्षरओळख नसलेला आपला आजा गावभरच्या ब्राह्मण-मालगुजारांच्या पोरांच्या जन्माची बातमी मैलोगणती चालत जाऊन देत होता आणि त्याच रकान्यात त्याच्या स्वतःच्या पोरांचीही नोंद होत होती. तारीख, मूल मुलगा की मुलगी, बापाचे नाव, जात, गाव. जमिनीची अट नाही. भूमिहीनाचा यापेक्षा भक्कम कागद आम्हाला माहीत नाही.

दुसरे ठिकाण वर सांगितलेला वाजिब-उल-अर्ज. तिथे बहुधा नाव नसते, पण गावचा कोतवाल महार आहे आणि त्याला गाव काय देते हे असते. एवढ्यानेही त्या गावात आपली वस्ती तेव्हा होती हे ठरते. अपमानाच्या त्या यादीत आपला वास्तव्याचा हक्क लिहून ठेवलेला आहे. ज्या कामांचा त्याग करायला बाबासाहेबांनी सांगितले त्याच कामांच्या नोंदी आज दाव्याला जोडायच्या, हे गिळायला जड जाते. आमच्यातल्या एका मुलाने ती नक्कल वाचून खाली ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. आम्ही त्याला काही बोललो नाही.

तिसरे, अधिकार अभिलेख. १९५० च्या कायद्याने मालगुजारी आणि जमीनदारी संपली, ३१ मार्च १९५१ पासून गावे, जंगले, तलाव सरकारकडे आले. तेव्हा चांदा जुन्या मध्यप्रदेशात होता. १९५४-५५ च्या सुमारास नव्याने हक्कनोंद झाली, तिला अधिकार अभिलेख म्हणतात, आणि गावाच्या सामाईक वापरासाठी निस्तार पत्रक झाले. हे कागद १९३० नंतरचे आहेत म्हणून काही अधिकारी बाजूला सारतात. पण १९५४ मध्ये जो माणूस चाळीस-पन्नास वर्षांचा खातेदार किंवा घरधनी म्हणून बापाच्या नावासकट नोंदलेला आहे, त्याच्या जन्माची नोंद त्याच गावच्या कोतवाल पंजीत मिळाली तर साखळी १९३० ओलांडून मागे जाते. एक कागद पुरत नाही, दोन कागद एकमेकांना धरून उभे राहतात.

चौथे, शाळेचा दाखल-खारीज. १९३० पूर्वी शाळेत गेलेला आपला माणूस विरळा, पण एखाद्या भावकीत एक तरी असतो, आणि सख्खा नसला तरी चुलत आजोबाची नोंद वंशावळीने जोडता येते.

शोधताना काही अडचणी येतात. आडनाव शोधू नका, ते बहुधा मिळणार नाही. नोंद असते अमक्या वल्द तमक्या, महार. वरच्या जातीच्या माणसाचे नाव पूर्ण, मागे जी किंवा राव, आणि आपल्याचे नाव मोडून शेवटी 'या' लावलेले. घरात ज्याला महादेव म्हणत तो कागदात महाद्या. त्यामुळे घरच्या म्हाताऱ्यांकडून आधी सगळी नावे, टोपणनावे, सोयऱ्यांची गावे लिहून घ्या आणि मगच रेकॉर्ड रूमच्या पायऱ्या चढा. जातही एकाच शब्दात नसते. जुन्या इंग्रजी कागदांत 'ढेर' हा शब्द येतो, कुठे मेहरा, कुठे म्हार. तो शब्द डोळ्यांना बोचतो, पण शोधताना तोही यादीत ठेवावा लागतो.

लिपी ही दुसरी अडचण. जुन्या मराठी कागदांत मोडी भेटते. राजुरा तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता, १९५६ नंतर नांदेडमार्गे तो चांद्यात आला, त्यामुळे तिथले जुने दप्तर उर्दूत आणि पद्धत हैदराबादची. तिकडे १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक विचारायचे. सिरोंचाकडे तेलुगू. अहेरीसारख्या जमीनदारी मुलखात मोजणी खालसा गावांइतकी बारीक झाली नाही, त्यामुळे तिथे जमाबंदीवर भिस्त न ठेवता मसणवट, विहीर आणि म्हाताऱ्यांचे निवेदन यावर भर द्यावा लागतो. पश्चिम महाराष्ट्रातले मित्र आम्हाला विचारतात, महार वतनाचे कागद का काढत नाही? इकडे तसले वतन नव्हते. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी ज्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले तो मुंबई इलाख्याचा कायदा. आमच्याकडे कोतवाली होती, मालगुजाराच्या मर्जीची.

इथे एक प्रश्न तरुण मुले हटकून विचारतात. १९५६ साली आपण जात सोडली, मग तोच शब्द दप्तरात का शोधायचा? १४ ऑक्टोबरला नागपूर आणि १६ ऑक्टोबरला आमच्या चंद्रपुरात बाबासाहेबांनी स्वतः येऊन धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या सोहळ्याला या जंगलातल्या गावांतून बैलगाड्यांनी आणि पायी गेलेल्यांची नातवंडे आपण. प्रश्न रास्त आहे. पण राज्याला आपला धम्म दिसत नाही, त्याला १० ऑगस्ट १९५० ची तारीख दिसते. जातपडताळणी समिती त्या तारखेच्या आधीच्या नोंदी मागते. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातींच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडले. म्हणजे एकाच जुन्या नोंदीची आपल्याला दोनदा गरज पडते, एकदा शिक्षण-नोकरीसाठी आणि एकदा जंगलातल्या वास्तव्यासाठी. तो शब्द शोधताना आपण तो परत अंगावर घेत नाही. चोरीला गेलेल्या वस्तूची ओळख पटवायला ठाण्यात जावे लागते तसे ते आहे.

आणि हे सारे ओझे कोणी वाहायचे? २०२३ च्या सप्टेंबरात सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी तहसील, शाळा, तुरुंग, भूमी अभिलेख सगळीकडची कपाटे उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणारे बसवले गेले, हैदराबादला माणसे गेली, लाखोंच्या संख्येने नोंदी सापडल्या. कोणत्याही गरीब शेतकऱ्याला त्याचा कागद मिळाला तर आमची तक्रार नाही. आमचे म्हणणे एवढेच की सरकारने ठरवले तर सरकारी कपाट उघडते, हे यातून सिद्ध झाले. मग चंद्रपूर-गडचिरोलीच्या वननिवासी बौद्धाने, ढिवराने आपला कागद स्वतः धुंडाळावा, नक्कलेसाठी मजुरी बुडवून चार खेपा घालाव्यात आणि सापडला नाही तर अतिक्रमणदार ठरावे, हा कुठला न्याय? वनहक्काच्या नियमांत तर हे स्पष्ट आहे. उपविभागीय समितीने ग्रामसभेला वन आणि महसूल नकाशे पुरवायचे आहेत. ग्रामसभेने किंवा वनहक्क समितीने लेखी मागणी केली की संबंधित खात्याने कागदाची प्रमाणित प्रत द्यायची आहे. मागणी व्यक्तीने केली की फेरे, समितीच्या ठरावाने केली की कर्तव्य. म्हणून पहिला अर्ज दावेदाराच्या नावाने करू नका, वनहक्क समितीच्या ठरावाने करा. माहितीचा अधिकार हातात आहेच, तो दुसऱ्या खेपेला.

आमच्यातले काही उत्साही मित्र या अटीवरून आदिवासींकडे बोट दाखवतात. ते चुकीचे आहे. चांद्याच्या तुरुंगापाशी १८५८ मध्ये फाशी गेलेल्या बाबुराव शेडमाकेंच्या लोकांना जंगलावरचा हक्क मिळायला दीडशे वर्षे लागली. २००९ मध्ये मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला तो गोंड ग्रामसभांनी वर्षानुवर्षे रेटले म्हणून, आणि त्या वाटेनेच पुढे बाकी गावे गेली. सामूहिक हक्कात तर गावातला बौद्धही ग्रामसभेचा सदस्य म्हणून येतो. १९६४ च्या डिसेंबरात रिपब्लिकन पक्षाने दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला, लाखो माणसे तुरुंगात गेली, तेव्हा मागणी पडीक जमीन कसणाऱ्यांची होती, एका जातीची नव्हती. पूर्व विदर्भात 'झुडपी जंगल' या महसुली शब्दाखाली लिहिल्या गेलेल्या हजारो हेक्टर जमिनीचा वाद २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत गेला. जुन्या दप्तरात कारकुनाने कोणता शब्द लिहिला यावर आजच्या घरांचे भवितव्य ठरते, ते गोंडाच्याही आणि आपल्याही.

आता त्या वैनगंगेकाठच्या कुटुंबाकडे येऊ.

जमाबंदीत त्यांचे नाव मिळाले नाही. ते अपेक्षितच होते. वाजिब-उल-अर्जात गावचा कोतवाल महार, त्याला प्रत्येक नांगरामागे धान्य, एवढी ओळ मिळाली. कोतवाल पंजीची पाने वाळवीने खाल्लेली. दोन दिवस आम्ही पाने उलटत होतो, बाबू अधूनमधून घड्याळ पाहत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी १९२४ सालच्या पानावर नोंद सापडली : मुलगा, बापाचे नाव, महार, गाव तेच. मुलाचे नाव लिहिलेले नाही, जन्माच्या वेळी नाव ठेवलेले नव्हते. मग हा मुलगा म्हणजेच आजीचा नवरा हे कसे ठरवायचे? अधिकार अभिलेखात गावठाणातल्या घराच्या जागेसमोर त्याचे नाव आहे आणि बापाचे नाव पंजीतल्यासारखेच. शाळेत तो गेलाच नव्हता. आजी सांगते की सासऱ्याला एकच मुलगा जगला. तिचे हे बोलणे घरचे म्हणून समिती धरणार नाही, कारण नियमात निवेदन दावेदाराव्यतिरिक्त वडीलधाऱ्याचे लागते.

ते निवेदन दिले शेजारच्या गोंड म्हाताऱ्याने. वय नव्वदीच्या पुढे. त्याने सांगितले की त्याच्या लहानपणी या घरचा म्हातारा गावची हाळी देत असे, मोहफुलाच्या दिवसांत दोन्ही घरे एकाच रानात जात, आणि महारांची विहीर तेव्हाही वेगळी होती. वेगळी विहीर आणि वेगळी मसणवट. पूर्वजांना ज्या अस्पृश्यतेने गावाबाहेर ठेवले तिच्याच खुणा आम्ही पंचनाम्यात घेतल्या : विहिरीचा जुना दगडी काठ, मसणवटीतले दगड, त्यावर उगवलेला चिंचेचा बुंधा. नियम १३ मध्ये विहीर आणि मसणवट दोन्ही शब्द आहेत.

बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपल्या पद्धतीचे समर्थन केले आहे. ज्यांचा इतिहास लिहिलाच गेला नाही त्यांच्या बाबतीत इतिहासकाराला तुटलेले दुवे तर्काने सांधावे लागतात, अशी त्यांची भूमिका होती. एका निनावी पोराच्या जन्मनोंदीवर पेन्सिल ठेवून बसलो तेव्हा आम्हाला त्याचा अर्थ कळला.

नामंजुरीविरुद्ध अपिलाला ६० दिवस असतात. ते आपण मोजायचे, समितीने मोजायचे नसतात. कुटुंबाला नामंजुरीचा लेखी कागद उशिरा मिळाला होता, म्हणून कागद हाती पडल्याच्या तारखेची पोच आम्ही आधी जोडली. मग वंशावळ, पंजीची नक्कल, अधिकार अभिलेख, वाजिब-उल-अर्जाची ओळ, पंचनामा आणि निवेदन. अपील दाखल झाले आहे, सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. मधल्या काळात वनरक्षकाने दोनदा येऊन बांधीत रोवणी करू नका म्हणून सांगितले. कुटुंबाने रोवणी केली.

शेतनकाशाची प्रत मात्र अजून मिळालेली नाही. त्या गावची सोळा इंची शीट जीर्ण आहे म्हणून द्यायला नकार मिळाला आणि आता वनहक्क समितीचा ठराव घेऊन पुन्हा मागणी केली आहे. त्या शीटवर मसणवट आणि विहीर दाखवलेली असेल तर त्यांचे वय सांगायला म्हाताऱ्याची गरज उरणार नाही. पुढच्या सोमवारी आम्ही तिघे जाणार आहोत. ज्यांना यायचे आहे त्यांनी सकाळच्या पहिल्या एसटीला यावे. सोबत भिंग, पेन्सिल, पाण्याची बाटली आणि आपापल्या आज्या-पणज्यांची नावे लिहिलेला कागद असू द्या. त्याच कपाटात तुमच्याही गावची मिसल असते.